सर्जिकलच्या दुकानात तुमच्या आजाराची माहिती कुठं कुठं फिरते

घरात कोणाचं ऑपरेशन झालं, तपासणीत काय निघालं, हे आपण पाहुण्यांनाही मोजूनमापून सांगतो, गल्लीत तर त्याहून कमी, आणि मग तीच चिठ्ठी खिशातनं काढून सर्जिकलच्या काउंटरवर उघडी ठेवतो, मागं चार गिऱ्हाईकं उभी असताना. डॉक्टरांशी बोललेलं बाहेर जाणार नाही याची आपल्याला खात्री असते. पण डॉक्टरांच्या पुढं जी साखळी आहे, म्हणजे मेडिकल, सर्जिकल, मशीन भाड्यानं देणारा, ते घरी येऊन बसवणारा पोरगा, यांच्याकडं आपलं काय काय जातं आणि ते त्याचं काय करतात, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

मी कोल्हापूर आणि आसपासच्या मेडिकल-सर्जिकल दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो, बिघडलं की दुरुस्तीलाही मलाच बोलावतात, त्यामुळं काउंटरच्या आतल्या बाजूनं हे सगळं बघायला मिळतं. बहुतेक दुकानदार चांगले आहेत, मुद्दाम कोणाची माहिती विकायला कोणी बसलेलं नाही. माहिती बाहेर जाते ती घाईत, सवयीनं आणि "त्यात काय एवढं" या एका वाक्यानं.

आधी सर्जिकलवाल्याला किती कळतं ते बघा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाच लिटरचा मागवला की दहाचा, यावरनं फुफ्फुस कितपत साथ देतंय ते कळतं. एअर बेड मागवला की पेशंट अंथरुणाला खिळलाय. स्टोमा बॅग (कोलोस्टोमीसारख्या ऑपरेशननंतर पोटाला लावायची मलमूत्राची पिशवी), कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, मोठ्या माणसांचे डायपर, यांना तर वेगळं काही सांगायलाच लागत नाही. शुगरच्या स्ट्रिपची डबी महिन्याला एक जायची ती दोन जायला लागली तरी त्याच्या लक्षात येतं. वर पत्ता, कितवा मजला, लिफ्टमध्ये बेड मावतोय का, दिवसा घरी कोण असतं, म्हातारी एकटीच असली तर किल्ली शेजारच्या कुठल्या घरात ठेवलेली असते, हेही. डॉक्टरांना आजार माहीत असतोय, सर्जिकलवाल्याला आजार पण आणि घर पण.

आता कायदा, थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर बऱ्याच घोळानं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि दुकानदारांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तोपर्यंत काहीच नाही असं समजू नका. आयटी कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत, त्यात शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती आणि वैद्यकीय रेकॉर्ड 'संवेदनशील' म्हणून स्पष्ट लिहिलंय, आणि ते नियम एकट्या मालकाच्या दुकानालाही लागतात, मोठी कंपनीच असायला पाहिजे असं नाही. गंमत म्हणजे २०२३ च्या कायद्यात 'संवेदनशील' असा वेगळा कप्पाच ठेवलेला नाही. तुमचा मोबाईल नंबर आणि तुमचा कॅन्सर, दोन्ही कायद्याच्या लेखी वैयक्तिक डेटाच. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

या नव्या कायद्यात एक उदाहरण चक्क औषध दुकानाचं दिलंय. बाई दुकानात खरेदी करतात, आपणहून नंबर देतात आणि सांगतात की पैसे मिळाल्याची पावती मोबाईलवर पाठवा. दुकानदार त्या नंबरवर पावती पाठवू शकतो. एवढंच. त्याच नंबरवर दिवाळीला "शुगर पेशंटसाठी खास ऑफर" पाठवायची असली तर त्यासाठी वेगळी परवानगी घ्यायला पाहिजे, कारण नंबर त्यासाठी दिलाच नव्हता. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरायची, हा या सगळ्याचा कणा आहे.

काउंटरपासून सुरुवात करू. एका दुकानात मी आत बसून प्रिंटर बघत होतो. बाहेर एक पन्नाशीच्या ताई उभ्या, पदर सावरत हळू आवाजात काहीतरी मागितलं, आणि आतल्या पोरानं माडीवरच्या पोराला हाक मारली, "ए, कोलोस्टोमी बॅग टाक रे खाली, ताईंना पाहिजे, सत्तावन्न एमएम!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. त्यांच्या मागं उभे असलेले काका त्यांच्याच कॉलनीतले निघाले, "काय झालं वहिनी?" म्हणून तिथंच विचारपूस सुरू. त्या पोराचा काही वाईट हेतू नव्हता, त्याच्यासाठी तो माल होता, माडीवरच्या दुसऱ्या रॅकवरचा. आपल्याकडं डेअरीत कोणाच्या म्हशीच्या दुधाला किती फॅट लागलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलेलं चालतं, पण माणसाच्या अंगाबद्दल तसं चालत नाही, हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. याला उपाय फुकटचा आहे. प्रत्येक मालाला सॉफ्टवेअरमध्ये आयटम कोड असतोच, वर ओरडायचं तर "एकशे बारा नंबर टाक" म्हणून ओरडायचं. राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं एवढंच केलं, आणि काउंटरच्या कडेला एक छोटं टेबल टाकलं, ज्यांना मापं द्यायची असतात ते तिथं बसून बोलतात. बेल्ट, स्टॉकिंग, मास्टेक्टॉमी ब्रा (स्तन काढायच्या ऑपरेशननंतर घालायची) असली मापं घोळक्यात उभं राहून कोणी कसं द्यायचं?

आता व्हॉट्सअॅप. हे सगळ्यात मोठं भोक आहे आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. "चिठ्ठीचा फोटो टाका, माल काढून ठेवतो" ही सोय चांगलीच आहे, गारगोटी किंवा आजऱ्यावरनं येणाऱ्या माणसाचा हेलपाटा वाचतो. पण फोटो जातो कुठं ते बघा. दुकानाचा म्हणून जो नंबर दिलाय तो बऱ्याच ठिकाणी मालकाचाच फोन असतो. फोटो उघडला की गॅलरीत पडतो, गॅलरीचा बॅकअप मालकाच्या घरच्या गुगल अकाउंटवर, आणि तेच अकाउंट घरातल्या टॅबवर, टीव्हीवर. म्हणजे तुमच्या नावाची, वयाची, आजाराची चिठ्ठी मालकाच्या पोरीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या रांगेत जाऊन बसली. पुढं आणखी, दुकानात माल नसला की तोच फोटो स्टॉकिस्टला फॉरवर्ड, "हे आहे काय बघ", तिथनं तो डिस्ट्रिब्युटरच्या ग्रुपवर, ग्रुपमध्ये शंभरावर माणसं. एन्क्रिप्शन आहे म्हणून लोक निवांत असतात, पण ते एन्क्रिप्शन फोटो वाटेत असतानाचं असतं, फोनमध्ये पोचल्यावर गॅलरीचं काय करायचं ते फोनवाल्याच्या हातात.

नीट करायचं तर दुकानाचा फोन वेगळा, त्यात मीडिया गॅलरीत दिसण्याची सेटिंग बंद, फोटो बॅकअप बंद, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू, ती चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस अशी ठेवता येते, सात दिवस पुरतात. आणि स्टॉकिस्टला विचारायचं तर चिठ्ठी फॉरवर्ड करायची नाही, मालाचं नाव आणि साईज टाईप करायची. चार शब्द टाईप करायला कितीसा वेळ लागतो? पेशंटच्या बाजूनं सांगायचं तर फोटो पाठवायच्या आधी जेवढं लागतंय तेवढंच कापून पाठवा. वॉकर घ्यायचा असला तर वरचं निदान आणि खालच्या पाच गोळ्या दुकानदाराला कशाला दाखवायच्या.

अर्थात सगळंच लपवता येत नाही, आणि काही माहिती तर दुकानदारानं ठेवलीच पाहिजे असा कायदा आहे. औषध नियम १९४५ मध्ये शेड्यूल एच-वन म्हणून एक यादी आहे, मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यात काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, सवय लावणारी काही औषधं येतात. ती विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, इन्स्पेक्टर आला की दाखवायचं. त्यामुळं मेडिकलवाल्यानं नाव विचारलं म्हणून लगेच वाद घालू नका. पण डायपर, कमोड चेअर, गुडघ्याचा बेल्ट याला चिठ्ठीच लागत नाही. तिथं नाव-पत्ता विचारायचं कारण जास्तीत जास्त होम डिलिव्हरी किंवा वॉरंटी, आणि जीएसटीचं म्हणाल तर साध्या गिऱ्हाइकाच्या बिलावर नाव-पत्ता बंधनकारक होतो तो पन्नास हजार आणि त्यावरच्या बिलाला. "सॉफ्टवेअर नंबर टाकल्याशिवाय पुढंच जात नाही" असं कोणी सांगितलं तर ते खरं नसतं. सेटिंग असते ती, मीच बसवतो की.

लॉगिनचंही तसंच. दुकानात माणसं पाच, पासवर्ड एक, तोही मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. मग कालच लागलेला पोरगा आणि मालक दोघंही कुठल्याही पेशंटची तीन वर्षांची हिस्ट्री उघडू शकतात, आणि कोणी उघडली हे नंतर शोधायचं म्हटलं तरी सापडत नाही, कारण सगळ्यांचं नाव 'अॅडमिन'. नव्या नियमांत प्रत्येकाला कामापुरताच प्रवेश, कोणी काय बघितलं याची नोंद आणि ती नोंद निदान वर्षभर, असं सगळं मागितलंय. काउंटरवरच्या पोराला आजचं बिल दिसलं की बास, डिलिव्हरीवाल्याला नाव, पत्ता, फोन. त्याला आजार कळायची गरज नाही, म्हणून पार्सलवर मालाचं नाव न लिहिता बिल नंबर लिहायचा आणि खाकी कागदात बांधायचं. अपार्टमेंटच्या वॉचमनकडं ठेवलेल्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 'अॅडल्ट डायपर' लिहिलेलं असलं की पुढचं सांगायला नको.

भाड्याच्या मशीनचा विषय मात्र सविस्तर सांगायलाच पाहिजे, कारण इथं खुद्द दुकानदारांनाही कल्पना नसते. झोपेत श्वास अडकतो त्यांना सीपॅप किंवा बायपॅप मशीन देतात. हे मशीन नुसती हवा मारत नाही, ते नोंद ठेवतं. रात्री किती वाजता लावलं, किती तास चाललं, मास्क किती गळत होता, तासाला किती वेळा श्वास अडकला, सगळं आतल्या एसडी कार्डवर, आणि नव्या मॉडेलमध्ये मोडेम असला तर थेट कंपनीच्या सर्व्हरवर. डॉक्टरांना ही माहिती फार कामाची असते, त्यावरनं प्रेशर कमी-जास्त करतात. आता समजा ताराबाई पार्कातल्या एका काकांनी दोन महिन्यांसाठी मशीन भाड्यानं घेतलं, बरं वाटलं, परत केलं. दुकानदारानं बाहेरनं पुसलं, फिल्टर आणि नळी बदलली आणि पुढच्या आठवड्यात ते उचगावच्या दुसऱ्या पेशंटकडं गेलं. कार्ड तेच. म्हणजे काकांच्या दोन महिन्यांच्या रात्री उचगावला पोचल्या, आणि त्या पेशंटच्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं तर दोघांचा डेटा एकत्र दिसणार. हा नुसता खासगीपणाचा प्रश्न राहत नाही, आधीच्या माणसाचं प्रेशर सेटिंग तसंच राहिलं असलं तर नव्या पेशंटच्या जिवाशी खेळ आहे. मशीन परत आलं की क्लिनिकल मेनूत जाऊन जुना डेटा पुसायचा, सेटिंग मूळ जागेवर आणायचं आणि कंपनीच्या पोर्टलवर त्या मशीनच्या सिरियल नंबरपुढचं जुन्या पेशंटचं नाव काढायचं. हे तिसरं काम हमखास राहतं. तुम्ही मशीन परत देताना समोर उभं राहून करून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. एक्स्चेंजमध्ये जुना ग्लुकोमीटर देतानाही तेच, त्याच्या मेमरीत तुमची शुगर पडून असते.

भाड्याच्या मशीनला डिपॉझिट आणि आधारची झेरॉक्स घेतात. मशीन पन्नास-साठ हजारांचं, दुकानदाराची भीती चुकीची नाही. पण मास्क्ड आधार म्हणून प्रकार आहे, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साईटवरनं निघतो, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. तो द्या, आणि झेरॉक्सवर आडवं "फक्त मशीन भाड्यासाठी" लिहून तारीख टाका. मशीन परत केलं की झेरॉक्स परत मागा, नाहीतर ती फाईल वर्षानुवर्षं तिथंच, आणि मग एक दिवस रद्दीत. रद्दीतला कागद उद्या भडंगाची पुडी होऊन फिरतो आपल्या गावात, ते काय वेगळं सांगायला नको.

एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, यांचं एक काम बाहेरच्यांना माहीत नसतं, त्याला आरसीपीए म्हणतात. कंपनीचा माणूस मेडिकलमध्ये येऊन विचारतो की अमुक डॉक्टर कुठल्या कंपनीची गोळी जास्त लिहितात, महिन्याला किती स्ट्रिप जातात. त्याला पेशंटच्या नावाशी देणंघेणं नसतं. पण दुकानदार कंटाळून "हे घे, तूच बघ" म्हणून चिठ्ठ्यांचा गठ्ठाच समोर टाकतो, आणि तो मोबाईल काढून फटाफट फोटो मारतो. आकडे तोंडी सांगणं वेगळं आणि गठ्ठा देणं वेगळं. एचआयव्हीच्या बाबतीत तर हे अजिबात चालत नाही, १० सप्टेंबर २०१८ पासून त्याला स्वतंत्र कायदा लागू आहे आणि तो कागदावरच्या माहितीलाही लागतो. २०२३ चा डेटा कायदा मात्र फक्त डिजिटल माहितीला, वहीत लिहिलं आणि वहीतच राहिलं तर तो लागत नाही. पण वहीचा मोबाईलवर फोटो काढला की लागला.

माहिती 'फुटणं' म्हणजे हॅकरनं चोरणं एवढंच नाही, हेही सांगायला पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, बरेच दिवस सगळं काम कागदावर करायला लागलं, ते सगळ्यांना आठवतं. पण कायद्याच्या व्याख्येत चुकून माहिती नष्ट होणं किंवा हाताशी न राहणं हेही येतं. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीकडं दुकानात पाणी शिरलं तेव्हा कित्येकांचे कॉम्प्युटर पंचगंगेनं धुतले, बॅकअप त्याच टेबलाखालच्या हार्ड डिस्कवर. नव्या नियमात असं झालं तर पेशंटना आणि नव्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं, मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची. न कळवल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी, आणि सुरक्षेची व्यवस्थाच नसली तर २५० कोटी. गल्लीतल्या दुकानाला एवढा दंड लागेल असं नाही, मंडळ चुकीचं स्वरूप वगैरे बघून ठरवणार, पण आकडा ऐकून आमचे काही दुकानदार एकदम जागे झालेत, एवढा फायदा झाला.

काही ऑनलाईन सर्जिकलवाले साईटवर 'हिपा कंप्लायंट' असा शिक्का लावतात. हिपा हा आरोग्याच्या माहितीबद्दलचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा. तिथं व्हीलचेअर, ऑक्सिजन पुरवणाऱ्या आणि विम्याकडं ऑनलाईन बिल लावणाऱ्या दुकानालाही हॉस्पिटलसारखेच नियम लागतात, माहिती कशी वापरणार याची लेखी नोटीस पेशंटला द्यावी लागते. चांगला कायदा आहे, पण तुम्ही दसरा चौकात बसून इथल्याच दुकानातनं माल मागवलात तर तो शिक्का तुमच्या काही कामाचा नाही. इथल्या कायद्यात त्यापेक्षा उपयोगी एक गोष्ट आहे, परवानगी मागणारी नोटीस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागणार. इंग्लिशच्या चार पानांखाली सही मागितली तर मराठी मागा.

दिलेली परवानगी परत घेता येते आणि नवा कायदा पूर्ण लागू झाला की माहिती पुसा असंही सांगता येईल. फक्त एच-वनचं रजिस्टर आणि जीएसटीची बिलं तुम्ही सांगितलं म्हणून पुसता येणार नाहीत, ती दुसऱ्या कायद्यानं ठेवायची आहेत. व्हॉट्सअॅपवरचा फोटो, ऑफरच्या यादीतला नंबर, आधारची कॉपी, हे सगळं जाऊ शकतं. आणि "ते सॉफ्टवेअर कंपनीकडनं झालं, डिलिव्हरीवाल्यानं केलं" हे कारण चालत नाही, माहिती तुम्ही दुकानाला दिली होती म्हणून जबाबदारी दुकानाचीच. म्हणजे माझ्या चुकीसाठी पण दुकानदार धरला जाणार, हे मी नवीन गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो.

तक्रार करायची वेळ आली तर आधी दुकानालाच लेखी द्या, व्हॉट्सअॅपवर दिलं तरी त्याची नोंद राहते. नवे नियम पूर्ण लागू झाले की त्याला जास्तीत जास्त नव्वद दिवसांत उत्तर द्यावं लागेल, नाही दिलं तर डेटा संरक्षण मंडळ, ते ऑनलाईनच चालणार आहे. पण एक लक्षात ठेवा, मंडळानं केलेला दंड सरकारी तिजोरीत जातो, तुम्हाला त्यातला रुपया मिळत नाही. भरपाई पाहिजे असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे, हे कित्येक वकिलांच्याही चटकन लक्षात येत नाही. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. बिल, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो जपून ठेवा, आणि आधी नुसतं विचारायचं असलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर फोन लावा, मराठीत बोलता येतं.